सहीअण्णा

भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, तिकडे कलबुर्गीच्या अंगाला आळंद, अफजलपूर. या पट्ट्यात तालुक्याच्या गावाला एक तरी सहीअण्णा निघतोच. वय चाळिशीच्या अल्याड-पल्याड. इंजिनिअरिंग झालेलं, मग काही वर्षं पुण्यात नाहीतर हैदराबादेत संगणकापुढे गेलेली, आणि आता वडिलांची आडत सांभाळायला गावी परत. तुरीचे भाव, हमालांची भांडणं, उधारीची वही हा सगळा संसार खाली दुकानात. वर माडीवर भिंतीला टांगलेल्या इलेक्ट्रिक गिटारी. साध्या नव्हेत. प्रत्येकीच्या डोक्यावर नाहीतर पाठीवर कुठल्या तरी परदेशी वादकाची सही छापलेली. कंपन्या त्यांना सिग्नेचर मॉडेल म्हणतात. गाव त्याला सहीअण्णा म्हणतं.

अण्णाला गिटार येत नाही असं मी म्हणणार नाही. येते. सुरुवातीची आठ-दहा सेकंदं तर फार छान येते. जगातल्या तमाम प्रसिद्ध गाण्यांचे आरंभ त्याच्या बोटांत आहेत. पुढे जिथे गायक तोंड उघडतो तिथे अण्णा हात थांबवतो आणि स्वतः तोंड उघडतो. मग गिटारीचं लाकूड, पिकअप, मानेची जाडी, वादकाचा जन्म, वादकाचे घटस्फोट. हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा जास्त रंगतो, म्हणून आम्ही चहाला जातो.

नवी गिटार घेताना कारण लागतं, आणि ते माणूस बघून द्यावं लागतं हे अण्णाला आडतीवरच कळलेलं आहे. वडिलांना तो गुंतवणूक म्हणून सांगतो.

“अप्पा, एरिक क्लॅप्टननं १९७० साली नॅशव्हिलच्या दुकानातनं सहा जुन्या गिटारी स्वस्तात उचलल्या. तीन दोस्तांना वाटल्या. उरलेल्या तिघींचे भाग जोडून एक केली, तिचं नाव ब्लॅकी. ती २००४ साली लिलावात नऊ लाख एकोणसाठ हजार पाचशे डॉलरला गेली!”

अप्पांनी आयुष्यभर लिलावच बघितलेले. त्यांनी शांतपणे विचारलं, “ती त्यानं वाजवलेली होती. तू वाजवलेली कोण घेतंय?”

अप्पांचा रुपयांवर विश्वास नाही, ते सगळं तुरीत मोजतात. २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये होता. म्हणजे ऐंशी हजारांची गिटार दहा क्विंटलांची. “दहा क्विंटल भिंतीला टांगलाय की ओ ह्यानं,” असं ते आल्यागेल्याला सांगतात. त्यात दुःख किती आणि अभिमान किती, हे मला अजून निवडता आलेलं नाही.

बायकोपुढे गुंतवणूक चालत नाही, कारण वैनींनी यातली एकही विकलेली पाहिलेली नाही. तिथे तांत्रिक कारण द्यावं लागतं. भिंतीवर एक पांढरी गिटार असताना दुसरी पांढरी आली, तेव्हा अण्णानं समजावलं की ही यिंगवी माल्मस्टीनची. हिच्या मानेवर दोन फ्रेटांमधलं लाकूड खोलगट कोरलेलं असतं, बोट लाकडाला लागतच नाही, तार हवेत दाबली जाते. वैनी म्हणाल्या, “म्हणजे लाकूड कमी. मग पैसे जास्त कसे?”

यातली मेख अशी, की तसल्या मानेवर फुलासारखा हात लागतो. जरा जोर पडला की तार खोल जाते आणि सूर चढतो. अण्णाचा हात पोती उचलून मोठा झालेला. स्वीडनचा माणूस ज्या गिटारीवर वाऱ्याच्या वेगानं धावतो, तिच्यावर अण्णाचं साधं सा रे ग म सुद्धा कोमल-तीव्राच्या सीमाभागात भटकत राहतं. पण तो विकणार नाही. ‘ही गिटार मला शिस्त लावते’ हे त्याचं तिसरं कारण, खास मित्रांसाठी राखून ठेवलेलं.

हा उद्योग आजचा नाही, हे अण्णाच पुराव्यानिशी सांगतो. लेस पॉल हे गिटारीचं नाव आहे असं अनेकांना वाटतं. तो हाडामासाचा वादक होता. भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार करा म्हणून चाळीसच्या दशकात तो गिब्सन कंपनीकडे गेला, तेव्हा त्याला कुणी विचारलं नाही. पुढे फेंडरच्या भरीव गिटारी बाजारात चालू लागल्या तशी कंपनीला त्याची आठवण झाली, आणि १९५२ साली त्याचं नाव घातलेली गिटार निघाली. आता माणूस विसरला गेला आणि नाव लाखांत विकलं जातं.

त्यापुढची कथा अण्णा विशेष रंगवतो. गन्स अँड रोझेसचा स्लॅश लेस पॉलमुळे ओळखला जातो, गिब्सननं त्याच्या सहीची मॉडेलं काढली. पण ज्या १९८७च्या अल्बमनं त्याचं नाव झालं, तो त्यानं वाजवला क्रिस डेरिग नावाच्या कारागिरानं केलेल्या नकलेवर. मी म्हटलं, “मग अस्सल सहीची घेऊन तुला तो आवाज मिळायचा नाही. नक्कल घ्यायला पाहिजे.” अण्णानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. “म्हणूनच तर घ्यायची. त्याला तेव्हा जी परवडली नाही, ती आपल्याकडे हाय.”

या तर्काला उत्तर नाही. निदान भालकीत नाही.

सगळ्यांत कठीण गेलं ते जुनाट गिटारीचं समर्थन. आयर्लंडच्या रोरी गॅलहरनं १९६३ साली कॉर्क गावात शंभर पौंडांना फेंडरची एक स्ट्रॅटोकास्टर घेतली आणि ती इतकी वाजवली, की घामानं तिचा रंग सोलून निघाला. कंपनी आता नवी कोरी गिटार करते, मग ती तशीच खरवडते, आणि खरवडलेलीचे पैसे जास्त घेते. एडी व्हॅन हेलननं पन्नास डॉलरचं धड आणि ऐंशी डॉलरची मान जोडून स्वतःची गिटार घरी केली. २००७ साली तिच्या तीनशे हुबेहूब नकला निघाल्या, ओरखडे आणि सिगारेटचे डाग जसेच्या तसे, पंचवीस हजार डॉलरला एक. अण्णा फोटो दाखवत होता. अप्पांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, “घाम त्यांचा, पैसे आपले.”

तसा अण्णाही काही आंधळा भक्त नाही. क्वीनचा ब्रायन मे नाण्यानं वाजवतो, सहा पेन्सच्या. ते नाणं इथे कुठून आणायचं? अण्णानं आजीच्या ट्रंकेतून निजामाची हाली पावली काढली, चारमिनारचं चित्र असलेली. सहा पेन्सपेक्षा तिचा सूर अधिक खानदानी लागतो असं त्याचं मत. तारा मात्र महिन्याला तुटतात. ब्रायन मेनं आपली गिटार पैसे नव्हते म्हणून वडिलांबरोबर घरातच केली, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून, हेही अण्णा सांगतो. फक्त अप्पा खोलीत नसताना.

मला स्वतःला जिमी हेंड्रिक्सची हकिगत सर्वांत प्रामाणिक वाटते. हेंड्रिक्स डावखुरा. तो उजव्या हाताची गिटार उलटी करून वाजवायचा. १९९७ साली फेंडरनं उजव्या हाताच्या गिऱ्हाइकांसाठी डावखुरी गिटार काढली आणि तिच्यावरचं कंपनीचं नाव उलटं छापलं. का? तर ती घेऊन आरशापुढे उभं राहिलं की आरशात हेंड्रिक्स दिसावा. श्रोता कोण आहे हे इतकं स्पष्ट ओळखलेला दुसरा धंदा मला ठाऊक नाही. अण्णाकडे ती नाही. त्याच्या माडीवर आरशाचं कपाट आहे, आणि अँपची वायर नेमकी तिथवर पोचते.

हुमनाबादकडचे एक निवृत्त संगीतशिक्षक कधीमधी अण्णाकडे येतात. माणिकनगरला दत्तजयंतीचा संगीत दरबार न चुकता ऐकणारे. गिटारी पाहून ते दचकले नाहीत. म्हणाले, हे आपल्याकडेही आहे. सतारीच्या दुकानात पहिला प्रश्न हाच असतो, रविशंकर ढंगाची की विलायत खाँ ढंगाची. एकीत खर्जाच्या तारा, दुसरीत त्या काढून गायकी अंगाची जुळणी. फरक खरा आहे. विश्वमोहन भट्टांनी तर गिटारीलाच तारा वाढवून तिचं नाव मोहनवीणा ठेवलं, आणि १९९४ साली राय कूडरबरोबरच्या तबकडीला ग्रॅमी मिळालं. “पण अण्णा,” मास्तर म्हणाले, “त्यांचं वाजवणं आधी झालं, नाव मागनं पडलं.”

“मास्तर, मी नाव आधी घेतलोय. वाजवणं हप्त्यानं येईल.”

हे ऐकून मास्तर खो खो हसले, पण मला अण्णाचं सगळं कोडं तिथे उलगडलं. टोन, गुंतवणूक, मानेची जाडी ही कारणं दाखवायची. गंडा बांधून घ्यायचा तर गुरूच्या दारात वर्षं काढावी लागतात, पहाटे उठावं लागतं, चारचौघांत शिव्या खाव्या लागतात. अण्णाचा गुरू सातासमुद्रापार. एकदाच पैसे मागतो, तेही कंपनीमार्फत. इंडोनेशियात तयार झालेला त्याचा आशीर्वाद खोक्यात भरून कुरिअरनं येतो, वर वर्षाची वॉरंटी. घराणं मिळालं, रियाज टळला. बीदरच्या मेथडिस्ट चर्चमध्ये दर रविवारी वाजवणारी दोन पोरं एकदा माडीवर आली, त्यांनी तीच माल्मस्टीनची गिटार घेऊन सरळ एक अख्खं गाणं वाजवलं, शेवटासकट. अण्णा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सेटिंग माझंच हाय.”

सही या विषयावर त्याला खरा धक्का दिला तो बेंजोवाल्यानं. आमच्याकडे इलेक्ट्रिक तंतुवाद्य म्हणजे बेंजो. जपानात नागोया इथे मोरिता गोरो यांनी १९१२ साली टाइपरायटरसारख्या कळा बसवून एक तंतुवाद्य केलं, त्याचीच ही इकडची पिढी. बुलबुलतरंग म्हणून ते घरोघर आलं, पिकअप बसवून ते वरातीपुढच्या गाडीवर चढलं. अण्णाचा अँप एका लग्नासाठी मागायला आलेला हा बेंजोवाला भिंतीकडे बघत राहिला.

“ही नावं कुणाची?”

अण्णानं एकेक सांगितलं.

“ह्यांची सुपारी तुम्ही घेऊ लाला का?”

“नाही.”

“मग ह्यांचं नाव कामून?” त्यानं आपला बेंजो उलटा करून दाखवला. पिवळ्या रेडियमच्या अक्षरांत त्याचं स्वतःचं नाव, पुढे ‘अँड पार्टी’, खाली मोबाईल नंबर. “दुसऱ्याचं नाव टाकलं तर फोन त्याला जातंय की ओ अण्णा.”

अँप घेऊन तो गेला. अण्णाला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं जाहीर केलं की आता स्वतःच्या सहीची गिटार करायची. रेडियम नको, बिदरी काम. बीदरला जाऊन तो कारागिराला भेटला. जस्त-तांब्याची लहानशी पट्टी ओतायची, तिच्यात चांदीच्या तारेनं सही भरायची, किल्ल्यातल्या मातीनं काळी करायची आणि गिटारीच्या डोक्यावर बसवायची. कारागीर म्हणाला, “हौ, बन जाता. नाम कौनसी जबान में डालना?”

इथे गाडी अडली. अण्णाची बँकेतली सही इंग्रजी. बाजार समितीत कन्नड. घरच्या वहीत मराठी. आजोबांची कागदावरची सही उर्दू, आणि ती सर्वांत देखणी. पोरगी म्हणते कन्नडमध्ये करा, शाळेत दाखवता येईल. वैनी म्हणतात मराठीत करा, निदान मला वाचता येईल. मित्र म्हणतात इंग्रजी, नाहीतर सिग्नेचर मॉडेल वाटणार नाही. अण्णानं आगाऊ रक्कम देऊन ठेवली आहे आणि निर्णय तूर निघाल्यावर.

तोवर सराव चालू आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो गादीवर बसून जुन्या पावत्यांच्या पाठीमागे सह्या गिरवतो. चारही लिप्यांत, पानंच्या पानं. बोटांना घट्टे पडतील इतक्या निष्ठेनं त्यानं गिटार कधी वाजवलेली नाही. परवा अप्पा मागून येऊन उभे राहिले. पानभर सह्या बघितल्या, कागद उलटून पावती बघितली आणि दबक्या आवाजात म्हणाले, “असं मोकळ्या कागदावर सह्या करून ठेवू नको बाबा. सोसायटीच्या कर्जाला कोण जामीनदार करून टाकंल, कळायचं पण नाही.”