कासवांच्या राज्यातला ससा

ससा आणि कासव म्हटलं की आपल्याकडे निकाल आधीच लागलेला असतो. ससा झोपणार, कासव जिंकणार, आणि मुलांनी यातून काय घ्यायचं तेही खाली छापलेलं. १९९४ साली आलेल्या 'जॅझ जॅकरॅबिट'ने हा निकाल फिरवला. कपाळाला लाल पट्टी बांधलेला एक हिरवा ससा बंदूक घेऊन सुसाट पळतो, आणि खलनायक कोण, तर डेव्हन शेल नावाचं कासव! त्याने सशांची राजकन्या पळवली आहे. हजारो वर्षं ऐकवलेल्या त्या एका शर्यतीचा सूड.

पुण्यात हा खेळ माझ्याकडे मित्राच्या फ्लॉपीवरून आला. पहिला भाग फुकट वाटायचा, आवडला तर पैसे पाठवून पुढचे मागवायचे, अशी तेव्हाची रीत. म्हणजे ती कॉपी चक्क कायदेशीर होती. आमच्या संग्रहातली बहुधा तेवढीच. खेळ काढणारी एपिक कंपनी टिम स्वीनीने १९९१ मध्ये मेरीलँडला आईवडिलांच्या घरातून सुरू केली होती. पुढे तिचं नाव ठेवलं 'एपिक मेगागेम्स'. मुलगा पाळण्यात असतानाच दुकानावर 'अँड सन्स' रंगवून घ्यावं, तसं. १९९९ मध्ये कंपनी नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीत, म्हणजे आम्ही आता राहतो त्या गावात, आली तेव्हा खरोखर मोठी झाली होती, म्हणून असेल, 'मेगा' गळून पडलं. तिच्या 'फोर्टनाइट'पायी आता घरोघरी जेवणं थंड होतात. आमच्याही.

२०१७ पासून जॅझ पुन्हा रीतसर विकत मिळतो, तेव्हा घेऊन टाकला. हिरवळ तीच, ठेक्यातलं संगीत तेच, आणि छळही तोच. बाण दाबून धरला की ससा असा सुटतो की पाय दिसेनासे होतात. पडदा मात्र ३२० बाय २०० ठिपक्यांचा, त्यात ससा चांगला ऐसपैस, आणि खालची पट्टी गुण, वेळ नि जिवांच्या हिशेबाला दिलेली. समोरचे काटे दिसेपर्यंत आपण त्यांच्यावर असतो. लहानपणी वाटायचं, आपली बोटं मंद आहेत. आता वाटतं, वेग सशाला दिला आणि नजर द्यायची राहून गेली.

सहा महिन्यांसाठी आलेली आई सोफ्यावरून बघत होती.

"अरे, एवढा पळतोस कशाला? बघून चाल की."

सल्ला अगदी बरोबर होता. दोन पावलं टाकायची, थांबायचं, समोर गोळ्या झाडायच्या, मग पुढे. असं खेळलं की ससा जगतो. फक्त घड्याळ चालू असतं, आणि आपण कासवासारखे चालून कासवाला हरवायला निघालेले असतो.

"आणि त्या कासवाने तुझं काय घोडं मारलंय?"

राजकन्येचं सांगितलं. तिला पटलं नाही. कासवांबद्दल तिचं मत इथे आल्यापासून फारच चांगलं झालंय. नॉर्थ कॅरोलायनाने १९७९ मध्ये बॉक्स टर्टलला राज्याचा सरपटणारा प्राणी म्हणून मान दिला. पावसानंतर ते रस्ता ओलांडायला निघालं की गाड्या थांबतात. कुणीतरी उतरून त्याला उचलतं आणि ते ज्या बाजूला निघालं होतं त्याच बाजूला नेऊन ठेवतं. जॅझची कंपनी वस्तीला आली ती नेमकी इथे.

सशांचा मात्र इथे सुळसुळाट आहे. आईने मागच्या अंगणात मेथी पेरली. दोन बोटं वर आली, आणि एका सकाळी वाफा वस्तऱ्याने साफ केल्यासारखा झाला. पाहुणे कुंपणाशीच बसून मिशा हलवत होते. मुलगी म्हणाली, "आजी, सो क्यूट!" आजीने उत्तर दिलं नाही.

तेव्हापासून माझा ससा काट्यांवर आपटला की सोफ्यावरून ऐकू येतं, "बरं झालं!"