जानेफळची प्रेक्षणीय स्थळे

पाहुण्यांनी जानेफळला जरूर यावे. पाहण्यासारखे पुष्कळ आहे. लोणारचे सरोवर, सिंदखेडराजाचे जिजाऊ जन्मस्थान, मेहकरचा १८८८ साली जमिनीतून निघालेला शारंगधर बालाजी, शेगावचे गजानन महाराज. यांतले खुद्द जानेफळात काय, असे विचारणाऱ्याला स्टँडवर कट चहा पाजावा आणि "जावईबापू, एसटी येईलच," असा धीर द्यावा.

गावही मागे नाही म्हणा. लोणारला काळ्या खडकात उल्केने एकच खड्डा पाडला, तर जगभरचे शास्त्रज्ञ धावले, २०२० साली रामसर पाणथळ स्थळाचा दर्जाही मिळाला. तेव्हा आमच्या रस्त्यावरचे खड्डे कुणी बुजवत नाही, ही दूरदृष्टीच. पाहुण्यांनी शक्यतो पावसाळ्यात यावे. तेव्हा त्यांत पाणीही असते.