सामूहिक सायकलस्वारीतील विश्रांतीच्या वाटपाविषयी

प्रस्तुत प्रबंधाची व्याप्ती मर्यादित आहे. सायकल क्लबाने 'सगळ्यांसाठी' म्हणून जाहीर केलेल्या रविवारच्या राइडमध्ये दमलेल्याला विश्रांती किती मिळते, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. अभ्यासक्षेत्र पुणे ते खडकवासला, वीसेक किलोमीटर. स्ट्रावा ॲपवर न चढलेली राइड झाली असे मानावे काय, हा स्फोटक विषय हेतुपुरस्सर वगळला आहे.

पूर्वपक्ष असा: राइड 'नो-ड्रॉप' असते, मागे पडलेल्याला टाकून कोणी जात नाही, पुढचे ठरल्या जागी थांबतात, सबब सर्व समान. हा पक्ष भाबडा आहे. समजा, पुढचे 6.40 ला धरणावर पोचले आणि शेवटचा 7.02 ला. मधल्या वेळात पुढच्यांचा चहा झाला, धरणाला पाठ करून फोटो झाले, कोणाची चेन कशी कुरकुरते यावर चर्चासत्र झाले. शेवटचा येतो, एक पाय जमिनीला टेकवतो, बाटलीचे बूच दातांनी ओढतो, आणि कोणीतरी हेल्मेटचा पट्टा अडकवत म्हणतो, "आले ना सगळे? चला मग!" पुढच्यांना बावीस मिनिटे, ह्याला दोन घोट. सिद्धांत: समूहात विश्रांती गरजेच्या व्यस्त प्रमाणात वाटली जाते.

भौतिकशास्त्रही याच बाजूचे आहे. सपाटीवर ताशी पंचवीस-तीसच्या वेगात सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या चाकामागे चिकटून राहिले की त्यातली बरीच वाचते. पण चिकटायचे तर त्याच्याइतके पळावे लागते. म्हणजे सवलत मिळते ती ज्याला तिची गरज नाही त्याला, आणि मागे सुटलेला एकटाच वाऱ्याशी भांडत बसतो. डोणज्यापुढे सिंहगडाचा घाट लागला की वेग पडतो, हवा गौण ठरते. तिथे ज्याचे वजन त्याच्याच मांड्यांवर.

यावर क्लबाने काढलेला उपाय म्हणजे 'स्वीप': सर्वांत शेवटी राहणारा, जवळ पंप, ट्यूब आणि अमर्याद सौजन्य बाळगणारा गडी. तो म्हणतो, "निवांत या काका, काही घाई नाही." हे तो मनापासून म्हणतो. पण त्याच वेळी त्याच्या मागच्या चाकातून फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू येत असते, कारण काकांच्या वेगाने जायचे तर त्याला पायडल मारावेच लागत नाही. सौजन्याचा इतका स्पष्ट आवाज अन्यत्र आढळत नाही. (चढावर टिकटिक बंद होते. काकांना घाट आवडतो, तो बहुधा यामुळे.)

सायकलींचे शहर म्हणून पुण्याची ख्याती होती तेव्हा हा प्रश्न सुटलेला होता, हे विद्वानांच्या नजरेतून निसटले आहे. त्या तोडग्याचे नाव डबलसीट. क्षमता दोन, वेग एक. कोणी कोणासाठी थांबत नाही आणि दोघे एकाच क्षणी पोचतात. एवढ्या निर्दोष रचनेला पोलीस दंड करीत, यावरून शास्त्र आणि शासन यांचा संबंध कळावा.

ब्रेव्हेवाले, म्हणजे लांबचे अंतर ठरल्या वेळात कापणारे, आमच्या सिद्धांताला हसतात. त्यांच्याकडे 200 किलोमीटरना साडेतेरा तास, घड्याळ चहालाही थांबत नाही, वाट पाहण्याचा प्रश्नच नाही. पण तिथेही हळू जाणाऱ्याच्या वाट्याला चहाचा वेळ कमीच उरतो. म्हणजे सिद्धांताला समूहाचीही गरज नाही. हसा खुशाल.

उरतो एक मार्ग, जो काही जुन्या खोडांनी स्वतंत्रपणे शोधला आहे: शेवटच्याने थांबूच नये. घोळका दिसला की हात हलवावा, "या मागून!" म्हणावे आणि तसेच पुढे निघावे. पोह्यांच्या बश्या अर्ध्यावर ठेवून कार्बनच्या सायकलवाल्यांची जी धांदल उडते, ती प्रेक्षणीय असते. तोटा इतकाच की पोहे हुकतात. त्यांची कॉन्ट्री मात्र संध्याकाळी ग्रुपवर येते, आणि ती सर्वांना सारखी असते.