अर्ध्या सेकंदाचा पहारा

पावसहून दक्षिणेस गेल्यावर मुचकुंदीच्या मुखावरील चिमुकला पूर्णगड पाहताना मनात येते की, तट-बुरुज शत्रूस खुशाल दिसोत, गडाची मदार पहारेकऱ्याच्या जागरणावर असते. आणि हे तत्त्व संरक्षण मंत्रालयासही उमगले असावे, कारण २०२३ साली त्याने आपल्या इंटरनेटला जोडलेल्या संगणकांवरून विंडोज हटवून उबुंटूवर उभारलेली ‘माया’ ही मुक्तस्रोत प्रणाली बसविण्याचे योजिले. तत्पूर्वी, ११ जुलै २०२२ रोजी, कृत्रिम बुद्धिमत्तेची नेमकी ७५ संरक्षणोपयोगी उत्पादने स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवी वर्षात सादर झाली होती; सरकारी बुद्धिमत्ता पंचांग पाहूनच प्रकट होते.

मुक्तस्रोताची संहिता सर्वांस खुली, म्हणून तिच्यावर सहस्र डोळ्यांची नजर असते, असे सांगतात. वस्तुतः मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ नामक अशाच एका मुक्तस्रोत साधनात, दोनेक वर्षे निष्ठेने सेवा करून विश्वास संपादन केलेल्या एका इसमाने बसविलेला चोरदरवाजा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास सापडला, तो दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, ही गोष्ट खुपल्यामुळे.

आमच्या कचेऱ्यांत जेथे अर्ज सहा महिने निजला तरी कोणास संशय येत नाही, तेथे अर्ध्या सेकंदाची तक्रार कोणत्या खिडकीवर नोंदवावी? तूर्त संशय घेण्याचे काम यंत्रासच शिकवावे. मात्र त्याचे शिक्षण शासकीय नस्त्यांवर होऊ देऊ नये, नाहीतर तेही ‘उचित कार्यवाहीसाठी सादर’ असा शेरा मारून मोकळे होईल.