किती टक्के उजेड?

प्रकाशाचा पहिला धडा शाळेत होत नाही, टीव्हीसमोर होतो. साताऱ्यात असो की सांगलीत, पोर नेमकं ऐन रंगात आलेल्या मालिकेच्या वेळी पडद्यासमोर येऊन उभं राहतं आणि मागून आजी ओरडते, "सरक की बाजूला! काचंचा हाईस व्हय तू?" पोर सरकतं. काचेतून पलीकडचं दिसतं, माणसातून दिसत नाही, एवढं त्याला त्या एका ओरड्यात पक्कं समजतं. पुढे सहावीच्या पुस्तकात 'प्रकाश व छायानिर्मिती' हा पाठ येतो तेव्हा पारदर्शक, अर्धपारदर्शक आणि अपारदर्शक अशी तीन भारदस्त नावं तेवढी पाठ करायची राहिलेली असतात.

मी हा विषय त्याच्या कितीतरी आधी, दुसरी-तिसरीच्या वर्गात घ्यायची. नोकरी आधी सातारा जिल्ह्यात, मग बदलीने सांगलीकडे. पण फळ्यावरचे रकाने तिन्हीत्रिकाळ तेच. आरपार दिसतं, धूसर दिसतं, काहीच दिसत नाही. पहिल्यात काच, दुसऱ्यात बटर पेपर, तिसऱ्यात पुठ्ठा. हा तक्ता पिढ्यान्‌पिढ्या असाच चालत आलाय. आता बटर पेपर आमच्या पोरांनी पाहायचा कुठे? घरी केक होत नाहीत, आणि नकाशे गिरवायचं वय अजून आलेलं नसतं. पण सांगलीच्या पोराला भडंग मात्र न शिकवता कळतं.

वर्तमानपत्राच्या पुडीतलं भडंग संपलं की कागदावर तेलाचे डाग राहतात. तो कागद खिडकीशी धरायचा. डाग पडलाय तिथून गजांची सावली दिसते, मागच्या पानावरची जाहिरात उलट्या अक्षरांत वाचता येते. बोटभर अंतरावरचा कोरडा भाग मात्र ठप्प. एकाच कागदाला दोन रकाने! एका मुलीने मान वाकडी करून ती उलटी जाहिरात मोठ्याने वाचून दाखवली आणि मग विचारलं, "बाई, ह्यो कागद लिवायचा कुठं?"

कागद म्हणजे बारीक तंतूंचं जाळं आणि तंतूंच्या मधे हवा. तंतूतून हवेत, हवेतून पुन्हा तंतूत जाताना दर वेळी प्रकाश थोडा वळतो, थोडा माघारी फिरतो. पालीच्या खंडोबाच्या जत्रेत देवळाकडे सरळ निघालेला माणूस रेटारेटीत भलत्याच बोळात निघावा, तशी त्याची गत होते. तेल त्या हवेची जागा घेतं. तेलात आणि तंतूत प्रकाशाचा वेग जवळजवळ सारखा असल्याने त्याला वळायचं कारणच उरत नाही, आणि बराचसा उजेड मुकाट पलीकडे जातो. हे सगळं तिसरीच्या मुलांना सांगायची गरज नसते. "मधल्या फटी तेलानं बुजल्या," एवढ्यावर ती खूश होतात, आणि खरं म्हणजे ते बरोबरही असतं.

साखर कारखान्यांच्या मुलखात दुसरा प्रयोग फुकट मिळतो. खडीसाखरेचा मोठा खडा उन्हात धरला तर काचेसारखा चमकतो. तोच खलबत्त्यात कुटला की पांढरीफेक पूड होते आणि तिच्या ढिगातून काही म्हणजे काही दिसत नाही. पूड पाण्यात विरघळवली की पुन्हा आरपार. साखर तीच, पण रकाना बदलतो. या प्रयोगात तासाच्या शेवटी साहित्य शिल्लक राहत नाही, एवढीच अडचण.

पण तक्त्याची खरी पंचाईत केली ती कृष्णामाईने. फळ्यावर मी 'पाणी' हा शब्द पहिल्या रकान्यात लिहिला की साताऱ्याकडची पोरं गप्प बसायची. सांगलीत तसं झालं नाही. "कृष्णेचं पाणी कुठल्या रकान्यात?" असं विचारल्यावर मागच्या बाकावरून सवाल आला, "बाई, म्हैना कंचा?"

याच्याइतकं शास्त्रशुद्ध उत्तर मी प्रशिक्षणातही ऐकलं नव्हतं. क्षेत्र महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाईवरून येते, माहुलीला वेण्णा घेते, कराडला कोयना, आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा. उन्हाळ्यात काठच्या उथळ पाण्यात तळाचे गोटे मोजता येतात. आषाढ-श्रावणात तीच नदी दुधाच्या चहासारखी दिसते, आणि गुडघाभर पाण्यात स्वतःचे पायही दिसत नाहीत. २००५ आणि २०१९ चा महापूर पाहिलेल्या गावात 'पाणी पारदर्शक असते' हे वाक्य पोरं वहीत लिहितात ते केवळ बाईंचा मान राखायला.

यावरचा उतारा प्रत्येक आजीला ठाऊक असतो. गढूळ पाण्याच्या कळशीत तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवायचा. मातीच्या कणांवर सारखाच विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटत पाण्यात तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम ते भांडण मिटवतं. कण एकत्र येतात, जड होतात आणि खाली बसतात. वर्गात काचेच्या बरणीमागे पाटी ठेवायची आणि तिच्यावरचं अक्षर कधी दिसू लागतं याची वाट बघायची. तिसरीचा वर्ग इतका वेळ शांत बसलेला मी तुरटीखेरीज कशानेच पाहिला नाही.

मग मुलंच बाकीच्या रकान्यांच्या मागे लागतात. 'काहीच दिसत नाही' हा रकाना तरी पक्का असेल? बॅटरी तळहाताखाली धरली की बोटांच्या कडा लालभडक होतात. मांसातून बाकीच्या रंगांपेक्षा लाल प्रकाश जास्त पार होतो. २०२० साली घरोघरी बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजला, तो लाल आणि अवरक्त किरण बोटातून पाठवूनच. म्हणजे आजीच्या त्या ओरड्यालाही थोडी सूट द्यावी लागते. सोन्याचंही तसंच. विटा-खानापूरकडची कितीतरी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली. सोन्याचं कौतुक तिथल्या पोरांना सांगावं लागत नाही. पण तेच सोनं ठोकून ठोकून केसापेक्षा शेकडो पट पातळ केलं की त्यातून हिरवट उजेड पार होतो, हे ऐकल्यावर त्यांचे डोळे विस्फारतात. चंद्रावर गेलेल्यांच्या शिरस्त्राणाच्या काचेवर सोन्याचा असाच मुलामा होता. उन्हाचा तडाखा अडायचा आणि समोरचं दिसायचंही.

आणि ज्या काचेच्या जिवावर हा तक्ता उभा, ती तरी कुठे भरवशाची? कराडजवळच्या ओगलेवाडीला १९१६ साली ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला. तिथला प्रभाकर कंदील वीज येण्याआधीच्या महाराष्ट्रात घरोघरी लटकत होता. कंदिलाची काच रोज संध्याकाळी पुसायचं काम लहान मुलाकडे असायचं. त्यात कौतुक वगैरे काही नव्हतं. मोठ्यांचा हात काचेत जात नसे, एवढंच. रात्रभर वात जळून आत काजळी धरायची आणि सकाळी पाहावं तर पहिल्या रकान्यातली काच तिसऱ्यात गेलेली. राखेचं बोट आणि फडकं फिरवून तिला परत आणायचं. त्या मुलांना हा धडा रोज, तोही गृहपाठासकट होता.

तासगाव-कवठेमहांकाळ भागातल्या शाळेत हाच पाठ घेताना मी दुसऱ्या रकान्यात शेडनेट लिहिलं. तिथे द्राक्षाचा बेदाणा होतो. द्राक्षं द्रावणात बुडवून जाळीच्या रॅकवर थरांनी पसरतात आणि भोवती हिरवं शेडनेट लावतात. थेट ऊन लागलं तर बेदाणा काळपट पडतो, हवा खेळली नाही तर बिघडतो. वारा हवा, ऊब हवी, ऊन मात्र बेतानंच. तेव्हा कुठे तो हिरवा राहतो आणि सौद्यात भाव खातो. मी 'शेडनेट' लिहून पुढे जाणार, तोच एकाने हात वर केला, "बाई, किती टक्क्याचं?"

दुकानात शेडनेट टक्क्यांवर मिळतं. पन्नास टक्के, पंचाहत्तर टक्के, नव्वद टक्के. पंचाहत्तर म्हणजे तेवढी सावली, उरलेलं ऊन आत. हे त्याने सगळ्या वर्गाला समजावून सांगितलं, कारण नेट आणायला तो वडिलांबरोबर गेला होता. पुस्तक सगळ्या धूसर वस्तूंना एकाच रकान्यात कोंबतं. शेतकरी त्यांची टक्केवारी विचारून मगच पैसे मोजतो.

मग आम्ही रकाने पुसले. प्रत्येकाने आपला कागद आणला. वहीचा, पतंगाचा, भडंगाचा, आणि माझ्याकडचा बटर पेपरही. बॅटरीपुढे एकावर एक कागद धरत जायचं आणि कितव्या कागदाला उजेड दिसेनासा होतो ते मोजायचं, असं ठरलं. पतंगाचा कागद संपता संपेना, वहीचा पटकन थकला. एकाला दिसतंय तर दुसऱ्याला नाही, यावरून भांडणं लागली. मग खिडक्या बंद करायचं ठरलं, बॅटरीचे सेल नवे हवेत असं ठरलं, डोळ्यांपासून कागद किती लांब धरायचा तेही ठरलं. कुणी न सांगता मुलं प्रयोगाचे नियम करत होती. परीक्षेत मात्र तीनच रकाने आखायचे, एवढं मी त्यांना बजावून ठेवलं होतं. तपासणाऱ्या बाई वेगळ्या असतात, आणि त्यांनी कधी शेडनेट विकत घेतलेलं असेलच असं नाही.