आपले आपण जाणारे

सहलीच्या कंपनीचे नाव काढताच ज्याच्या कपाळावर आठी चढते आणि ‘त्यात काय आहे, आपले आपण जायचे!’ हे वाक्य ज्याच्या मुखातून निःश्वासाइतक्या सहजतेने बाहेर पडते, असा एक गृहस्थ प्रत्येक आळीत, प्रत्येक कचेरीत आणि लग्नाच्या प्रत्येक पंक्तीत हटकून आढळतो. बेटे हा त्याच्या खास अखत्यारीतला मुलूख. जमिनीवरच्या स्थळी कोणीही ऐरागैरा एस.टी.ने पोचतो, परंतु मध्ये पाणी आले की मार्गदर्शकाची गरज उत्पन्न होते, आणि ती उत्पन्न होण्यापूर्वीच स्वारी हजर असते.

‘यंदा जंजिरा पाहावा म्हणतो,’ एवढे आपण बोलायचा अवकाश! ‘मुरूडला रेंगाळू नका, तडक राजापुरीचा धक्का गाठा, शिडाची होडी भरल्याशिवाय हलणार नाही, तेव्हा सावलीची जागा आधी धरा. अलिबागेस जाणार? मांडव्याच्या लाँचच्या तिकिटातच पुढची बस धरलेली असते. वेगळी रिक्षा केलीत तर माझ्याशी गाठ आहे! आणि सोमवारी घारापुरीला जाल, तर लेणी बंद.’ हा सारा तपशील बिनचूक असतो, हे कबूल केलेच पाहिजे. मात्र जंजिऱ्यावरच्या कलालबांगडी तोफेविषयी विचारले, की ‘आहे, मोठी आहे,’ एवढ्यावर तिची बोळवण करून तो पुन्हा होडीच्या दरावर येतो.

त्याच्या विद्येचा परमोत्कर्ष पाहावा तो अलिबागेच्या किनाऱ्यावर. समोरच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते, आणि ओहोटीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना हिशेब त्याला मुखोद्गत असतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणून सुमारे सव्वाबाराला ओहोटी. हिशेब निर्वेध, परंतु त्याच्या निर्वेधतेपायी वैशाखातल्या अष्टमीला भर माध्यान्ही, टांगेवाल्यांच्या आर्जवांकडे तुच्छतेने पाहत, विजारी गुडघ्यापर्यंत दुमडलेली मुले, पदर डोक्यावर ओढलेली पत्नी आणि हातात चपला धरलेल्या वृद्ध मातोश्री यांचा तांडा तो ओल्या पुळणीतून हाकीत नेतो. किल्ल्यात पोचल्यावर १७५९ साली राघोजी आंग्र्यांनी बांधविलेले गणेशाचे मंदिर आहे, चोहोंकडे खारे पाणी असता गोड्या पाण्याची विहीर आहे. पण आमचा गृहस्थ पाहतो ते मनगटावरचे घड्याळ. पाणी फिरण्याच्या आत परतायचे असते ना! मातोश्रींनी देवापुढे हात जोडावेत तोच ‘आटपा, आटपा’ असा पुकारा होतो, आणि बाप्पाच्या वाट्याला अर्धीच प्रदक्षिणा येते.

टांग्याचे पैसे वाचल्याचा आनंद त्याच्या मुद्रेवर पुढे आठवडाभर विलसत असतो. मातोश्रींच्या गुडघ्यांना लागलेल्या तेलाचा खर्च, अर्थातच, प्रवासखाती पडत नाही.

अशा गृहस्थाची आणि आपली ओळख असल्यास तिथीचा हिशेब, लाँचची वेळ, होडीचा दर हे सर्व त्याच्याकडून अवश्य लिहून घ्यावे. निघण्याचा दिवस मात्र त्यास कळवू नये.