बोलीच्या चर्चासत्रात पहिल्यांदा जाताना

सातारा-सांगलीकडच्या एखाद्या महाविद्यालयाने 'भाषा, बोली आणि प्रादेशिक अस्मिता' या विषयावर एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र ठेवलं आहे, पत्रिका व्हॉट्सॲपवर आली आहे आणि तुमच्या प्राध्यापकीला जेमतेम वर्ष झालं आहे, तर पुढचं तुमच्यासाठी. 'राष्ट्रीय' शब्दाने दचकू नका. बेळगावहून किंवा पणजीहून एक साधनव्यक्ती आली की चर्चासत्र राष्ट्रीय होतं. आंतरराष्ट्रीय असेल, तर कुणाचा तरी माजी विद्यार्थी न्यू जर्सीहून ऑनलाइन बोलतो आणि त्याचा आवाज येत नाही.

आधी शीर्षक. मधे दोन टिंबं हवीतच : 'अमुक बोली : स्वरूप आणि वैशिष्ट्ये'. अमुकच्या जागी जिल्ह्याचं नाव घाला, अस्मिता आपोआप येते. मात्र जिल्ह्याच्या इतिहासात शिरू नका. १९४९ साली सातारा जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग तोडून आणि आसपासचा संस्थानी मुलूख जोडून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे वाळव्यातली एखादी आजी उंबरा न ओलांडता आधी सातारची, मग दक्षिण सातारची, मग सांगलीची झाली, आणि या सगळ्या काळात ती बोलत होती तसंच बोलत राहिली. माणदेशाचं तर आणखी अवघड. माण-खटाव साताऱ्यात, आटपाडी सांगलीत, सांगोला सोलापुरात. शिवाय आटपाडी पूर्वी औंध संस्थानात. जतच्या पूर्व भागाचं नावही काढू नका, तिथे घराघरांत कानडी आहे, निबंध हाताबाहेर जाईल.

पहिला परिच्छेद तुम्हाला लिहावाच लागणार नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि जानेवारी २०२६ मध्ये ९९वं साहित्य संमेलन साताऱ्यात भरलं, एवढं आलं की झाला. तुमच्या आधीचे सगळे वक्ते हेच सांगून गेलेले असतील. तरी सांगा.

आता सामग्री. इथे नवखी मंडळी एक चूक करतात. बोली गोळा करायची म्हणून ती बोलणाऱ्या माणसांकडे जायला निघतात. तसं करू नये. त्याला रजा लागते, आणि माणसं विचारलेलं सोडून उसाच्या बिलाचं बोलत बसतात. सोपा मार्ग ग्रंथालयात आहे. माणदेशी शब्द 'बनगरवाडी'तून घ्यावेत, वारणेकाठचे 'फकिरा'तून. पहिली कादंबरी १९५५ ची, दुसरी १९५९ ची, पण निबंधात क्रियापदं वर्तमानकाळीच ठेवावीत. व्यंकटेश माडगूळकरांनी नि अण्णा भाऊ साठ्यांनी पात्रांच्या तोंडची भाषा पुण्या-मुंबईच्या वाचकालाही कळेल अशी तासून घेतली असेल, ती कादंबरीची भाषा आहे, गावाचं ध्वनिमुद्रण नव्हे, अशी शंका मनात आली तर ती पाणी पिऊन घालवावी. अण्णा भाऊंच्या वाटेगावला एसटी जाते, माडगूळकरांच्या माडगूळलाही जाते. पण पुस्तक टेबलावरच असतं.

ग्रिअर्सनचा उल्लेख अनिवार्य. 'ग्रिअर्सन म्हणतो' असं लिहून पुढे १९०५, खंड सातवा. मराठीचा हा खंड प्रत्यक्षात स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने तयार केला, पण ते सांगितलंत तर सभागृहात उगाच चुळबुळ होईल. ग्रिअर्सनच्या त्या भारतीय भाषा-सर्वेक्षणासाठी बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट सरकारी अधिकाऱ्यांमार्फत बोलीबोलीत उतरवून मागवली गेली होती. त्या पद्धतीच्या मर्यादा तुम्ही जरूर सांगाव्यात. कादंबरीतून शब्द वेचण्याच्या पद्धतीच्या मर्यादा सांगू नयेत. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी अलीकडे गावोगावी माणसांना बोलतं करून मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं, त्यातलं ध्वनिमुद्रण संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतं. ते ऐकू नका. ऐकलंत तर निबंध नव्याने लिहावा लागेल.

सादरीकरणाला पत्रिकेत पंधरा मिनिटं असतात, हातात चार येतात. बाकीची दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि प्राचार्यांच्या मनोगताने खाल्लेली असतात. म्हणून पहिलं पान आणि शेवटचं पान वाचावं, मधे 'वेळेअभावी' म्हणावं. शेवटच्या पानावर बोली मरत चालली आहे आणि तिचं जतन झालं पाहिजे, ही दोन वाक्यं हवीत. उच्चार मात्र जपा. 'बोलीला कमी लेखणारी मानसिकता बदलली पाहिजे' हे वाक्य वाचताना तुमच्या तोंडून 'आनि' गेलं, तर पहिल्या रांगेतले दोघे एकमेकांकडे बघून हसतील. बोलीच्या प्रतिष्ठेचा निबंध शुद्ध 'ण'मध्येच वाचायचा असतो. ज्याच्या घरी चार पिढ्या 'पानी' प्यायल्या, तोच हा 'ण' सर्वांत जपून उच्चारतो, हे मला या चर्चासत्रांतलं सर्वांत खरं निरीक्षण वाटतं. ते कुठल्याच निबंधात नसतं.

जेवणाच्या सुट्टीत कान मिटून घ्या. मंडपात भात वाढणारा मामा 'पावनं, वाईच म्होरं सरका की' म्हणेल, पलीकडे दोघी मावशी कोरड्यासात मीठ पडलंय का यावर भांडत असतील. तिकडे लक्ष गेलं तर सकाळच्या शेवटच्या पानाचं काय करायचं, हा प्रश्न पडतो.

त्याहून अवघड प्रसंग दुपारचा. या पट्ट्यात, कोल्हापुरापासून साताऱ्यापर्यंत, बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी जातो', 'मी आलो' म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. एक मॅडम यावरच निबंध वाचतील. 'मी या ठिकाणी असे प्रतिपादन करते' अशी सुरुवात, आणि नव्या शिक्षित पिढीतून हे रूप हद्दपार झाल्याचा निष्कर्ष. टाळ्या. पाच मिनिटांनी त्याच मॅडम व्हरांड्यात फोनवर लेकीला सांगत असतात, 'निगालो बग मी, साडेपाचची गाडी धरतो, तू तेवढा भात लाव.' लेक पलीकडून काय म्हणाली ते ऐकू येत नाही. ती 'लावतो' म्हणाली की 'लावते', हाच त्या दिवसाचा खरा प्रश्न होता, आणि विचारायला कुणाला फुरसत नव्हती. तुम्ही वहीत काही टिपू नका. वहीवर आयोजक संस्थेचं बोधचिन्ह छापलेलं असतं, ती कोरी घरी नेली तर मुलांना कामाला येते.

प्रश्नोत्तरांत एक निवृत्त गृहस्थ उठतील आणि प्रश्न न विचारता दहा मिनिटं बोलतील. त्यांना अडवू नका. बहुधा तेच एकटे गावातली म्हातारी माणसं, बलुतेदारांची अवजारं आणि पाटाच्या पाळ्यांचे शब्द नावानिशी सांगत असतात. अध्यक्ष घंटी वाजवतील. चहा निवत असतो.

शेवटी प्रमाणपत्र. ते समारोपानंतरच मिळतं, म्हणजे कुणी आधी पळू नये. घेतल्याबरोबर तिथंच उभं राहून नाव, आडनाव आणि निबंधाचं शीर्षक वाचून बघा. चूक असेल तर टंकलेखक जायच्या आत दुरुस्त करून घ्या, दुसऱ्या दिवशी फोन कुणी उचलत नाही.